सत्ताधाऱ्याची चौकशी आणि ठाणें-कल्याण
(शके १६९५ ते १७३९)

१. ठाण्याचा किल्ला इंग्रजांच्या हातीं कसा गेला व कल्याण प्रांत पुणें दरबाराकडून कसा सुटला, हे दोन प्रश्न सामान्यतः वेगवेगळे चर्चिले जातात. आमच्या मतें दोहोंचें मूळ एकाच जातीच्या पेंचांत आहे. राज्याच्या धन्यावर, किंवा त्याच्या मुख्य कारभाऱ्यावर, खुनाचा आरोप आला. चौकशी सुरू झाली. परंतु ती स्वराज्यांतील न्यायासनापुढें शेवटास गेली नाहीं, आणि तिचा लाभ परक्यानें घेतला. हा क्रम येथें थोडक्यांत मांडतों.

२. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांस मारिलें. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यांत अटकेंत होते. तेच पुढें पेशवे झाले. म्हणजे ज्याच्यावर संशय, तोच राज्याचा धनी. अशा स्थितींत रामशास्त्री प्रभुणे यांनीं शोध चालविला. ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या ग्रंथांत लिहितो कीं, सुमारें सहा आठवड्यांनीं शास्त्र्यांस पुरावा मिळाला; धरण्याची आज्ञा दिली, मारण्याची नव्हे, असें रघुनाथरावांनीं सांगितलें; आणि 'धरावे' याचें 'मारावे' केलेला मूळ कागद पुढें शास्त्र्यांच्या हातीं आला. 'ध'चा 'मा' करणें हा वाक्प्रचार याच कथेवरून रूढ आहे. शास्त्र्यांनीं देहान्त प्रायश्चित्त सांगितलें व पुणें सोडलें. निर्णय झाला, तो अंमलांत आणणारा कोणी नव्हता.

३. न्यायाधीशाचें अपुरें राहिलेलें काम मग मुत्सद्द्यांनीं हातीं घेतलें. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके प्रभृति बारभाईंनीं गरोदर गंगाबाईस पुरंदरावर नेलें. तेथें १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवरावांचा जन्म झाला. रघुनाथरावांचा पक्ष ढासळला व ते गुजराथेकडे वळून मुंबईकर इंग्रजांची मदत मागूं लागले. मोबदला म्हणून साष्टी व वसई यांची मागणी झाली. बोलणें पुरें होण्यापूर्वींच, १७७४ च्या डिसेंबरअखेर, इंग्रजांनीं हल्ला करून ठाणें घेतलें. सुरतेचा तह त्यानंतरचा, ६ मार्च १७७५ चा आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई परत मिळाली, पण साष्टी व तींतील ठाणें परत आलें नाहीं.

४. दुसरा प्रसंग रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव यांच्या कारकीर्दींतला. बडोद्याचे गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते. वाद गायकवाडांकडील देण्याघेण्याचा व अहमदाबादच्या इजाऱ्याचा होता. जुलै १८१५ मध्यें पंढरपुरीं शास्त्र्यांचा खून झाला व आरोप पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांजवर आला. रेसिडेंट एल्फिन्स्टन त्या वेळीं वेरुळाकडे होता. पुण्यास परत येऊन त्यानें त्रिंबकजीस स्वाधीन करण्याची मागणी लावून धरिली. पेशव्यांचें म्हणणें, आधीं गुन्हा शाबीत करा, मग अटक. रेसिडेंटाचें म्हणणें, आरोपी अधिकारावर असतां साक्ष देण्यास कोण धजेल? म्हणून आधीं अटक. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतें. परंतु दोहोंमध्यें निवाडा करणारा रामशास्त्री या वेळीं नव्हता. फिर्यादी, चौकशीदार व मयताचा हमीदार, तिन्ही एकच पक्ष होता.

५. पेशव्यांनीं त्रिंबकजीस प्रथम वसंतगडावर ठेविलें; इंग्रजी फौज पुण्याजवळ येतांच सप्टेंबरांत त्यास इंग्रजांच्या हवालीं केलें. त्याची रवानगी ठाण्याच्या किल्ल्यांत झाली. बापावरील चौकशीच्या पेंचांतून जो किल्ला इंग्रजांस मिळाला, त्याच किल्ल्यांत मुलाचा कारभारी कैद झाला. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते. त्यांस मराठी येत नव्हतें. एक मोतद्दार घोड्याची चाकरी करतां करतां गाण्यांतून कैद्यास निरोप पोंचवीत असे, अशी कथा बिशप हेबर यानें प्रवासवर्णनांत दिली आहे. ता. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्रीं त्रिंबकजी निसटला.

६. येथून खुनाची चौकशी मागें पडली व पेशव्यांच्या इमानाची सुरू झाली. पळालेल्या कैद्यास पेशवे आंतून साहाय्य करितात, असा आरोप ठेवून मे १८१७ मध्यें सिंहगड, पुरंदर व रायगड तारण मागण्यांत आले. ता. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहांत पेशव्यांनीं त्रिंबकजीस खुनी मानिलें, मराठमंडळाचें प्रमुखत्व सोडिलें, आणि बेलापूर, आटगांव व कल्याण यांसह उत्तर कोंकण दिलें. आजची डोंबिवली ज्या कल्याण तालुक्यांत मोडते तो मुलूख असा गेला. पांच महिन्यांनीं खडकीची लढाई झाली. त्रिंबकजी १८१८ मध्यें सांपडला व चुनारच्या किल्ल्यांत १८२९ मध्यें वारला. कोणत्याहि न्यायसभेपुढें त्याच्यावर खटला चालला नाहीं.

७. संग्राहकांस यावरून एक सूचना करावीशी वाटते. रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार छापून प्रसिद्ध आहे. पण तो एका पक्षाचा आहे. दुसरी बाजू मोडी कागदांत शोधली पाहिजे, आणि तेथें कालनिर्णय हेंच मुख्य साधन होय. खून सुहूर सन १२१६, म्हणजे 'सीत अशर मयातैन व अलफ' यांतला. पुण्याचा तह १२१८ चा मृग लागल्यानंतर लवकरच झालेला. तहानंतरच्या कागदांत त्रिंबकजीस खुनी म्हटलेलें आढळल्यास तो स्वतंत्र पुरावा नव्हे, तो तहाचा प्रतिध्वनि होय. उलट १२१६ च्या पहिल्या चार महिन्यांतलें एखादें चिटोरेंहि मोलाचें. ठाण्याचा किल्ला आज कारागृह आहे. ज्या दोन चौकशा त्याच्या इतिहासांत गुंतल्या, त्यांपैकीं दुसरीचा निवाडा अद्याप व्हावयाचा आहे. तो आतां कागदांनींच करावयाचा.