आंबा मऊ होतो, पण गोड होतो का?

बांधावर चार आंबे आपल्यापैकी पुष्कळांचे आहेत. कोकणचा हापूस नवी मुंबईत वाशीच्या बाजारात उतरतो तो टणक. पण गवताच्या अढीत काही दिवसांतच बोटानं दबू लागतो. असं का?

फळाच्या पेशी विटा धरल्या, तर त्यांना सांधणारा माल म्हणजे पेक्टिन. कॅल्शियम तो घट्ट धरतं. पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात त्या यासाठीच! पिकताना फळातून इथिलीन वायू सुटतो, विकरं जागी होतात आणि पेक्टिन तोडतात. सांधे सुटले, की गर मऊ.

पिष्टाची साखर होणं हे मात्र निराळं काम. कोवळ्या फळात पिष्टच कमी. कार्बाइड लावलं, तर ते पिवळं होईल, दबेलही, पण गोडी आणणार कुठून? शिवाय कार्बाइडमध्ये आर्सेनिकचा अंश असतो. २०११ च्या नियमांनी त्याला बंदीच आहे. इथिलीन वायूला दहा लाखांत १०० भागांपर्यंत परवानगी आहे.

आपला ऊस गवताच्या कुळातला. त्यात पेक्टिन थोडं, तंतू फार; पिकला तरी कांडं टणकच. म्हणून तिथं बोटानं दाबून भागत नाही, ब्रिक्स पाहावा लागतो.