नाव नसलेला निरोप

कनेरगाव नाका हिंगोली जिल्ह्याच्या वाशिमकडील हद्दीवर आहे. पूर्वी या हद्दीवर निजामाचा मुलूख संपे आणि इंग्रजी अमलाखालचे वऱ्हाड सुरू होई. नाका म्हटला की येणाऱ्याला ‘कोण, कुठला?’ विचारणे आलेच. मोबाइलवरच्या निरोपाला असा नाका नाही.

छापील कागदाला तो होता. 1867 च्या कायद्याने मुद्रकाचे नाव छापणे सक्तीचे केले. व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेल्या मजकुराचा मूळ लेखक दिसत नाही. दिसतो तो मामा, मेहुणा, वर्गमित्र. विश्वास त्यांच्यावर असतो, तो मजकुराला चिकटतो.

त्याचे टोक राईनपाड्यात दिसले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचे हे गाव. 1 जुलै 2018, आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून आधीच पोचली होती. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. अनोळखी गावांत फिरणे हीच ज्यांची पिढीजात उपजीविका, त्यांचे अनोळखी असणेच गुन्हा ठरले. त्यांना कोंडून मारले ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. म्हणजे गावाने बसून विचारपूस करायची, त्याच खोलीत.

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयी निर्देश दिले. व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. 2020 मध्ये फार फिरलेल्या निरोपांसाठी ती एकवर आणली. वेग घटतो, हे खरे. पण निवडणुकीच्या तोंडावर त्याच वाटेने येणारा मजकूर पाठवणारा बहुधा आपला काकाच असतो, आणि ‘काका, हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ असे ग्रुपवर सर्वांदेखत विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजतात.