मोरी डेकवर येण्याआधी

मालवणात वाढलेल्या बाईने शार्क वाचवण्यावर लिहायचं तर आधी कबुली द्यायला हवी. आमच्याकडे पाहुणे आले की मोरीचं, म्हणजे शार्कचं, मटण व्हायचं. आई मोरीवर कढत पाणी ओतायची, कातडीवरची वाळूसारखी खर विळीच्या पात्याने खरवडायची आणि मग भाजक्या खोबऱ्याचं वाटप. तो वास आला की माझे पाय आजही थबकतात. तेव्हा 'शार्क खाऊ नका' असा उपदेश माझ्याकडून होणार नाही.

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकून आता मी बंदराबंदरावर मच्छीमारांच्या बैठका घेते. पहिल्याच बैठकीत एका तांडेलकाकांनी मला गप्प केलं होतं. म्हणाले, "मोरी काय आमका इचारून येता गो जाळ्यात?"

खरंच आहे. कुप्यासाठी टाकलेल्या जाळ्यात मोरी, पाकट आणि मांटा नावाची मोठी पाकट न बोलावता येतात. फरक येतो त्यानंतर. कुपा, म्हणजे ट्युना, लाखांनी अंडी घालतो. सिल्की नावाची मोरी वर्षभर पोट वाहते आणि मोजकी पिल्लं देते. मांटा तर एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते, तेही काही वर्षांच्या अंतराने. 2021 साली आलेल्या एका अभ्यासानुसार 1970 पासून खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या 71 टक्क्यांनी घटली आहे.

काकांना मी हिंदी महासागराच्या पश्चिमेकडची गोष्ट सांगते. सेशेल्सच्या व्हिक्टोरिया बंदरातून स्पॅनिश आणि फ्रेंच मालकीची मोठी पर्ससीन, म्हणजे मासळीभोवती जाळ्याचा वेढा घालणारी, जहाजं निघतात. त्यांचं एकेक जाळं दीड-दोन किलोमीटर लांब. वाहत्या ओंडक्याखाली मासळी जमते हे आपल्या आज्यालाही ठाऊक होतं. या जहाजांनी तो ओंडकाच बनवला. बांबूचा तराफा, खाली पन्नास-पन्नास मीटर लोंबणारी जुनी जाळी, वर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारा बोया. बोयातलं यंत्र खाली किती मासळी जमली आहे तेही सांगतं. कुपे जमतात, आणि त्यांच्यासोबत लहान वयाच्या सिल्कीही.

जाळं आवळल्यावर काही टन मासा मावेल अशा झोळीने मासळी उपसतात. त्या ओझ्याखाली मोरी चेचली जाते, गुदमरते. फ्रेंच जहाजांवर झालेल्या एका अभ्यासात झोळीतून वर आलेल्या सिल्कींपैकी 85 टक्के मेल्या. जाळं ओढताना त्याच्या आसात अडकून वर आलेल्यांपैकी मात्र फक्त 18 टक्के. जहाज तेच, खलाशी तेच. म्हणजे डेकवर तुम्ही कितीही हळुवार वागा, झोळी भरली तेव्हाच बरंचसं ठरून गेलेलं असतं. म्हणून काही संशोधकांनी आवळलेल्या जाळ्यातच गळ टाकून मोऱ्या आधी बाहेर काढून पाहिल्या.

मांटाचं दुखणं वेगळं. काही मणांचं ते निसरडं धूड धरायचं कुठे? पूर्वी सरळ कल्ल्यात आकडा घालून ओढायचे. तशी सोडलेली मांटा जगण्याची आशा फार थोडी. आता काही जहाजांवर डेकवरच्या हौद्याच्या तोंडावर मोठ्या चौकटींची जाळी ठेवतात. कुपे फटींतून खाली पडतात, मांटा वरच राहते आणि क्रेन तिला जाळीसकट उचलून पाण्यात सोडते. कुणा लोहाराने सुचवावी इतकी साधी युक्ती.

पण सगळ्यात मोठा घात जाळं टाकण्याच्याही आधी होत होता. शास्त्रज्ञांनी सिल्कींना उपग्रह-खुणा लावल्या, पाणबुडे तराफ्यांखाली उतरले. तिथे लोंबणाऱ्या जाळ्यांत मोऱ्या अडकून मरत होत्या. मेलेली मोरी दोनेक दिवसांत गळून तळाशी जायची, त्यामुळे कुणाच्या वहीत तिची नोंदच नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की एकट्या हिंदी महासागरात वर्षाला 4,80,000 ते 9,60,000 सिल्की अशा मरत असाव्यात. हे आकडे मी बैठकीत दोनदा वाचते, कारण पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही.

उपाय? जाळीऐवजी नुसता दोर किंवा कापड लोंबवायचं. हिंदी महासागराच्या ट्युना आयोगाने 2019 मध्ये तसा नियम केला. मला हा उपाय सगळ्यांत आवडतो, कारण त्यात भर समुद्रात, दमलेल्या खलाशाच्या भलेपणावर काही सोडलेलं नाही. तराफा बंदरात एकदा नीट बांधला की झालं.

लांब दोरीला शेकडो गळ लावून जे कुपे धरतात, त्यांच्याकडेही असाच सोपा बदल आहे. गळाजवळची तार काढून तिथे नायलॉन लावलं की मोरी ते दाताने तोडून निघून जाते. गळ जातो, पण मोठ्या डोळ्यांचा ट्युना तारेपेक्षा नायलॉनला जास्त लागतो असंही आढळलं आहे. पश्चिम आणि मध्य पॅसिफिकच्या आयोगाने 20 अंश उत्तर ते 20 अंश दक्षिण या पट्ट्यात अशा तारेवर 2024 पासून बंदी घातली. आणि मिनिकॉयला आपले लक्षद्वीपचे लोक काठीने एकेक कुपा उचलतात, तिथे हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. अर्थात जगभरचे डबे तेवढ्याने भरणार नाहीत.

"ता सगळा मोठ्या जहाजांचा. आमचा काय?" काकांचा पुढचा प्रश्न ठरलेला. त्यांच्या जाळ्यात येते ती बहिरी, म्हणजे व्हेल शार्क. 2001 पासून तिला आपल्याकडे वाघाइतकं कायद्याचं संरक्षण आहे, आणि तिच्याभोवती मुद्दाम जाळं टाकायला ट्युना आयोगानेही 2013 साली मनाई केली. पण तिला सोडवायला जाळं कापायचं तर पैसा मच्छीमाराचा जातो. महाराष्ट्रात 2018 च्या अखेरीपासून अशा कापलेल्या जाळ्यासाठी कमाल 25,000 रुपये भरपाई मिळते. सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ मात्र हवेत. कागदपत्रांवरून काकांनी माझ्याशी तासभर वाद घातला होता, आणि त्यांचं बरंचसं बरोबर होतं.

गेल्या हंगामात एका सकाळी त्यांचा फोन आला. मागे इंजिनाची धडधड, कुणीतरी ओरडतंय.

"बहिरी गावली हा. जाळा कापतंव. व्हिडिओ आडवो काढूचो काय उभो, ता आधी सांग!"