उरलेला रंग उद्यापर्यंत कसा टिकेल?

चाकणला मोटारी बनवणारे मोठमोठे कारखाने आहेत. फोक्सवॅगनचा कारखाना तेथे २००९ मध्ये सुरू झाला. अशा कारखान्यातल्या पेंट शॉपमध्ये एक प्रचंड हौद असतो. मोटारीचा पत्र्याचा सांगाडा त्यात अख्खा बुडवतात आणि दोन-तीनशे व्होल्टचा विद्युतदाब देऊन त्यावर रंगाचा पहिला थर चढवतात. हौदातला द्रव बहुतांशी पाणीच असते. रंगाचे व राळेचे सूक्ष्म कण त्यात तरंगत असतात. दिवाळीची सुट्टी लागली की कारखान्यातली बहुतेक यंत्रे थांबतात, पण या हौदाचे पंप थांबत नाहीत. ढवळणे बंद पडले तर कण तळाशी बसतील, आणि तो गाळ पुन्हा पहिल्यासारखा मिसळेलच अशी खात्री नसते.

विद्यार्थी मित्रांनो, नेमकी हीच अडचण तुमच्या पॅलेटवर असते, फक्त हौदाऐवजी चमचाभर रंगाची. एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी तुम्ही चित्र काढायला बसता. पिवळा, निळा आणि किंचित तांबडा मिसळून झाडाच्या पानांची अगदी मनासारखी छटा जमते. चित्र अर्धे होते तोच जेवणाची हाक येते. दुसऱ्या दिवशी पाहावे तर रंगाचा खडा झालेला! रंग विकत आणता येतो, पण तीच छटा पुन्हा जुळवणे महाकठीण. मग हा रंग टिकवायचा कसा?

त्याचे उत्तर एक नाही, कारण ‘रंग वाळला’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्येक रंगात वेगळीच घटना घडलेली असते. रंग म्हणजे रंगद्रव्याची भुकटी आणि ती कागदाला चिकटवून धरणारा बंधक. वाळण्याचे सगळे गुपित या बंधकात आहे.

जलरंगात बंधक असतो डिंक. पाणी उडून गेले की डिंक घट्ट होतो. पाणी घातले की पुन्हा विरघळतो. म्हणून जलरंगाची फारशी काळजी नको. पॅलेट धुऊ नका, धूळ बसणार नाही असे झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ओला कुंचला फिरवा. पोस्टर रंगही याच जातीचा, पण त्यात पांढरी भर पुष्कळ असल्याने तो वाळून तडकतो. बाटलीतला रंग दाटू लागला तर उकळून गार केलेल्या पाण्याचे चार थेंब घालावेत आणि बाटलीचे तोंड पुसून झाकण घट्ट लावावे. उकळलेले पाणी कशासाठी? डिंक हे बुरशीचे आवडते खाद्य आहे आणि पावसाळ्यात हवा दमट असते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही पेनिसिलिन बनवणारी सरकारी कंपनी १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झाली. तेथे बुरशी मुद्दाम वाढवत. आपल्याला मात्र बाटलीत ती नको आहे. म्हणून वापरलेला गढूळ रंग मूळ बाटलीत कधीही परत ओतू नये.

अ‍ॅक्रिलिक रंगाची गोष्ट निराळी. त्यात प्लॅस्टिकसारख्या बहुवारिकाचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. प्रत्येक गोळा मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा. दुधात स्निग्धांशाचे थेंब असतात तसेच हे, आणि म्हणून ओला बंधक दुधासारखा पांढरट दिसतो. पाणी उडाले की गोळे एकमेकांना भिडतात, दबतात आणि त्यांचा एकसंध पारदर्शक पापुद्रा बनतो. पांढरटपणा गेल्याने रंग वाळल्यावर थोडा गडद दिसतो, हे तुमच्या लक्षात आले असेल. हा पापुद्रा पाण्यात पुन्हा विरघळत नाही. तेव्हा येथे एकच उपाय: पाणी उडूच द्यायचे नाही.

घट्ट झाकणाचा एक पसरट डबा घ्या. तळाशी सुती कापडाची घडी भिजवून ठेवा. पाणी साचू देऊ नका. त्यावर बटर पेपर अंथरा आणि रंग त्या कागदावर काढा. कागदातून ओलावा हळूहळू वर येतो, रंगातून उडालेल्या पाण्याची भर पडत राहते. झाकण लावले की आतली हवा बाष्पाने संपृक्त होते आणि बाष्पीभवन जवळपास थांबते. असा रंग कित्येक दिवस ओला राहतो. एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या उन्हाळ्यात तर हा डबा फारच उपयोगी. हा रंग बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये. पाणी गोठले की गोळे एकमेकांवर दाबले जाऊन गुठळ्या होतात.

आता तैलरंगाकडे वळू. यात पाणी नसतेच. बंधक असतो जवसाचे, म्हणजेच अळशीचे तेल. मग वाळताना उडून काय जाते? जवळजवळ काहीच नाही! उलट हे तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचे जाळे तयार होते. वाळता वाळता तेलाचे वजन चक्क वाढते, सुमारे दहा टक्के किंवा त्याहूनही थोडे अधिक. म्हणून येथे ओला फडका कामाचा नाही, ऑक्सिजन अडवला पाहिजे. पूर्वी चित्रकार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या नळीचे पेटंट घेतले. पिळली की ती चपटी होते आणि हवा आत शिरत नाही. टूथपेस्टची नळी हे तिचेच भावंड.

पॅलेटवर उरलेला तैलरंग पसरट ताटलीत पाण्याखाली बुडवून ठेवता येतो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर एक लिटर पाण्यात विरघळलेला जेमतेम ८ मिलिग्रॅम. दुसरा उपाय थंडीचा. तापमान १० अंशांनी उतरले की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. ३० अंशांवरून उणे १८ अंशांपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वेळा निम्मा केला, तर वेग बत्तिसाव्या हिश्शावर येतो. तेल त्या थंडीतही सहसा गोठत नाही. पण काही रंगांत शिसे व कॅडमियम यांची विषारी संयुगे असतात, तेव्हा घरच्या फ्रिजमध्ये, जेवणाच्या डब्यांशेजारी हा प्रयोग नको. तिसरा उपाय आजीच्या दातदुखीच्या औषधातला: लवंगेचे तेल. त्यातले युजेनॉल ऑक्सिजनशी होणारी क्रिया रोखते. कापसाच्या बोळ्यावर एक-दोन थेंब टाकून तो बोळा रंगासह बंद डब्यात ठेवला की पुरे.

या क्रियेत उष्णता बाहेर पडते, हे विसरून चालणार नाही. पसरलेल्या थरातली उष्णता हवेत निघून जाते. पण तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती आत साठत जाते आणि काडी न लावताही चिंध्या पेट घेतात. अशा चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात. शाळेच्या चित्रकला कक्षात ही दक्षता शिक्षकांनी स्वतः घ्यावी.

ट्रकवर नक्षी आणि अक्षरे रंगवणाऱ्या पेंटरचा एनॅमल रंगही ऑक्सिजननेच वाळतो. अर्ध्या डब्यावर साय धरते, आणि डब्यात हवा जितकी जास्त तितकी साय जाड. यावर या कारागिरांची एक युक्ती आहे. झाकण ठोकून बसवायचे आणि डबा उलटा ठेवायचा. झाकणाची फट रंगानेच बुजते, आणि साय धरलीच तरी डबा सुलटा केल्यावर ती तळाशी जाते.

एका रंगापुढे मात्र सगळ्या युक्त्या थकतात. मोटारीवरचा शेवटचा चकचकीत थर पुष्कळदा दोन द्रव एकत्र करून बनवतात. ते मिसळले की एकमेकांशीच क्रिया करू लागतात. त्यांना हवा लागत नाही आणि पाणी उडण्याची वाटही पाहावी लागत नाही. झाकण कितीही घट्ट लावा, काही तासांत डब्यात दगड. म्हणून कारखान्यात हे द्रव वेगळ्या नळ्यांतून आणतात आणि फवाऱ्याच्या अगदी जवळ आल्यावरच एकत्र होऊ देतात.

करून पाहा: तळहाताएवढ्या दोन काचा घ्या. एकीवर जवसाचे कच्चे तेल आणि दुसरीवर शेंगदाण्याचे तेल, प्रत्येकी अर्धा ग्रॅम, पातळ पसरा. प्रयोगशाळेच्या तराजूवर दोन्ही काचा तोला, धूळ बसणार नाही अशा पण हवेशीर जागी ठेवा आणि दोन आठवडे रोज वजन लिहून ठेवा. कोणती काच जड होते, आणि कोणती बोटाला चिकट लागत राहते?