चातुर्मासापूर्वीची खिडकी

मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर मालवणच्या आमच्या जुन्या घराच्या खिडक्या खाऱ्या तुषारांनी धूसर झाल्या. कोरड्या फडक्याने पुसण्याची घाई मी केली. मीठ व वाळूच्या कणांनी काचेवर ओरखडे उमटले. ही चूक वाचकांनी टाळावी.

चातुर्मासापूर्वी प्रथम मऊ पूंजणीने कोळी, मुंग्या आदी जीव अलगद दूर करावेत. मग गाळलेल्या पाण्याने मीठ विरघळवावे. क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग लिंबूरसात भिजवलेले फडके पंधरा मिनिटे लावून ठेवल्यास सैल होतात. रस चुन्याच्या गिलाव्यावर मात्र ओघळू देऊ नये, आम्लाने चुना झिजतो. एवढ्यानेही न जाणारा धूसरपणा बहुधा काचेचीच झीज असते. तेथे घासणे व्यर्थ, काचच बदलावी.