नॉर्वेजियनमधला ‘कोन्युंक्तिव’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घडलेली गोष्ट नव्हे, तर इच्छा किंवा कल्पना सांगणाऱ्या क्रियारूपाला नॉर्वेजियन व्याकरणात ‘कोन्युंक्तिव’ म्हणतात. ‘ते आता भाषेत उरलेलंच नाही,’ असं नवशिक्यांना सर्रास ऐकवलं जातं. हे अर्धसत्य आहे. ‘लेवे कोंगेन’ (राजा चिरायू होवो) हा जयघोष आजही होतो. ‘गूद वेल्सिंग्ने दाय’ म्हणजे देव तुझं भलं करो. ‘कॉस्ते वा दे कॉस्ते विल’ म्हणजे कितीही किंमत पडो. मात्र ही रूपं ठरावीक वाक्प्रयोगांतच गोठली आहेत. मराठीत ‘पाऊस पडो, पीक येवो’ असं हवं ते रचता येतं; तिथे ती मोकळीक राहिलेली नाही.

‘लेवे’ आज्ञार्थी वाटणं मराठी माणसाला साहजिक आहे, कारण आपलं व्याकरण ‘होवो’, ‘करो’ यांना आज्ञार्थाच्या तृतीय पुरुषात बसवतं. नॉर्वेजियन आज्ञार्थ फक्त समोरच्यासाठी असतो आणि त्याचं रूप ‘लेव’ (जग). मग ‘लेवे’ म्हणजे ‘जगणे’ हे क्रियापदाचं मूळ रूप का? दिसायला तसंच, पण तेही नाही. प्राचीन नॉर्समध्ये ‘लिफा’ म्हणजे जगणे आणि ‘लिफी’ म्हणजे जगो. पुढे शब्दान्तीचे आघातहीन स्वर झिजले आणि दोन्हींचं ‘लेवे’ झालं. न्यूनॉर्स्क या दुसऱ्या लेखनप्रमाणात ‘जगणे’साठी ‘लेवा’ लिहिणारेही जयघोष ‘लेवे’ असाच करतात. एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

सर्वांत घातक गैरसमज असा, की हे रूप आटल्यामुळे या भाषेत ‘असतो तर’ म्हणताच येत नाही. ते काम साधा भूतकाळ चोख करतो. ‘विस याय वार रीक’ यात क्रियापद ‘होतो’चं, अर्थ मात्र ‘मी श्रीमंत असतो तर’. बोलताना लोक आणखी एक पायरी मागे जातात: ‘विस याय हादे वॅर्त दाय’. रूप पूर्ण भूतकाळाचं, तरी अर्थ आजचाच, ‘मी तुझ्या जागी असतो तर’. शिकणारे नेमके इथे फसतात आणि कालची गोष्ट समजून बसतात. खरं तर आपणही असंच करतो: ‘मी रोज घरी असतो’ आणि ‘मी घरी असतो तर’ यांत क्रियापद एकच आहे.

म्हणून नॉर्वेजियन शिकणाऱ्यांनी कोन्युंक्तिवचे तक्ते शोधत बसू नये. मोजके वाक्प्रयोग पाठ करावेत, आणि ‘विस’नंतर (‘जर’नंतर) भूतकाळ दिसला की आधी संदर्भ पाहावा.