ड्राय पोर्ट म्हणजे काय? आपल्या मालाला त्याचा उपयोग किती?

“आपल्या दारावरून रेल्वे जाते, मग कंटेनर इथेच भरून रेल्वेने बंदरावर का जात नाही?” उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या व्यापारी व कारागीर बंधूंकडून हा प्रश्न आम्ही वारंवार ऐकतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजले तर चार पैसे वाचतील.

ड्राय पोर्ट म्हणजे समुद्र नसलेले बंदर. सरकारी भाषेत त्याला इनलँड कंटेनर डेपो, थोडक्यात आयसीडी म्हणतात. तिथे कस्टमचे अधिकारी बसतात, माल तपासतात आणि डब्याला सील लावतात. मग तो बंद डबा रेल्वेने थेट बंदरावर जातो व जहाजावर चढतो. आयात मालाचा डबाही तसाच आत येतो आणि त्याची सोडवणूक डेपोतच होते. व्यापाऱ्याला कस्टमसाठी मुंबई गाठावी लागत नाही.

आपल्या देशातला असा पहिला डेपो 1981 साली बंगळुरात सुरू झाला. 1988 मध्ये रेल्वेच्या अखत्यारीत कंटेनर कॉर्पोरेशन, म्हणजे कॉन्कॉर स्थापन झाली. 1989 मध्ये न्हावा शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि दिल्लीतल्या तुघलकाबादसारख्या डेपोंचा माल इकडे येऊ लागला. 2006 पासून खासगी कंपन्यांनाही कंटेनर गाड्या चालवण्याची मुभा मिळाली.

यात रेल्वेचा हिशेब काय, ते पाहू. एका कंटेनर गाडीला साधारण 45 वॅगन असतात आणि तिच्यावर वीस फुटी 90 डबे बसतात. तेवढ्याच डब्यांसाठी रस्त्यावर ट्रेलरची मोठी रांग लागेल. लांबच्या प्रवासात म्हणूनच रेल्वे स्वस्त पडते. पण डबा आधी ट्रेलरने डेपोत न्यावा लागतो, क्रेनने वॅगनवर चढवावा लागतो आणि गाडी भरेपर्यंत थांबवावा लागतो. बंदरावर तो पुन्हा उतरवावा लागतो. प्रत्येक उचलीचे पैसे पडतात. नागपूर ते मुंबई हे अंतर 800 किलोमीटरच्या वर आहे, तिथे हा खर्च प्रवासात मुरून जातो. जालन्यात ड्राय पोर्टची पायाभरणी 2015 साली झाली, त्यामागेही हाच विचार आहे : पोलाद, बियाणे व कापूस यांचा मुलूख बंदरापासून दूर आहे.

आपले तसे नाही. अंबरनाथहून तळोजा, कळंबोलीमार्गे न्हावा शेवा साधारण 50 ते 60 किलोमीटर आहे. एवढ्या अंतरासाठी दोनदा क्रेन लावणे आणि गाडीची वाट पाहणे परवडत नाही. रेल्वे दारात असूनही डबा रस्त्यानेच जातो, त्याचे कारण हे आहे. एका अर्थाने आपण बंदराच्या अंगणातच आहोत.

मग आपल्या उपयोगाची गोष्ट कोणती? ती म्हणजे बंदराभोवतीची कंटेनर फ्रेट स्टेशने, ज्यांना बाजारात सीएफएस म्हणतात. सीएफएस हा बंदराच्या कस्टमचाच वाढवलेला हात आहे. तिथे लहान व्यापाऱ्यांचा माल एकत्र करून एक डबा भरला जातो. उदाहरण घेऊ. जीन्सचा एक खोका 60 सेंटिमीटर लांब, 40 रुंद व 40 उंच आहे. असे 50 खोके म्हणजे 4.8 घनमीटर माल झाला. वीस फुटी डब्यात सुमारे 33 घनमीटर जागा असते, म्हणजे आपल्याला सातवा हिस्साच लागतो. अख्खा डबा घेण्यापेक्षा भागीचा डबा, म्हणजे एलसीएल, घ्यावा. त्याचे भाडे घनमीटर किंवा टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागते. खोका नेमक्या मापाचा असला तर भाडे आपोआप कमी होते. फर्निचरवाल्यांनी तर माल सुटा करून पाठवण्याचा विचार जरूर करावा. जोडलेले टेबल पाठवणे म्हणजे हवेचे भाडे भरणे होय.

आयात करणाऱ्यांनी दिवस मोजावेत. सीएफएस आपल्या जागेचे भाडे लावते आणि जहाज कंपनी डबा अडकल्याचे वेगळे पैसे घेते. बाजारात दोन्हीला सरसकट डॅमरेज म्हटले जाते, पण बिले दोन येतात. किती दिवस मोफत आहेत, हे माल निघण्यापूर्वी दोघांकडून लेखी घ्यावे. बिल ऑफ एंट्री जहाज येण्याआधीच भरावे, उशीर झाल्यास दररोज हजारो रुपयांचा दंड बसतो. उतरलेला माल 30 दिवसांत सोडवला नाही, तर 1962 च्या कस्टम कायद्याच्या कलम 48 नुसार नोटीस देऊन तो विकता येतो. कागद अपुरे म्हणून कर्जावर आणलेली मशीन लिलावात गेली, तर कारागिराचे काय उरणार?

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपले पुष्कळ कारागीर दुसऱ्याच्या नावावर माल परदेशी पाठवतात. शिपिंग बिलावर ज्याचे नाव, ड्रॉबॅकचा पैसा त्याच्या खात्यात जातो आणि दुबईचा ग्राहकही त्यालाच ओळखतो. आपल्या हाती फक्त शिलाई उरते. स्वतःचा आयातनिर्यात क्रमांक, म्हणजे आयईसी, 500 रुपये शुल्कात ऑनलाइन मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती कायम करावी, नाहीतर तो बंद होतो.

दारात ड्राय पोर्ट नाही याची खंत करण्याचे कारण नाही. बंदर तासा-दोन तासांवर आहे. पाच-सात जणांनी मिळून एक डबा भरावा, पण कागद प्रत्येकाने आपल्याच नावाचा करावा, एवढेच आमचे सांगणे आहे.